वकिलाविरुद्धच्या तक्रारीची फाईल नेमकी कुठे थांबते?

समजा, कऱ्हाडजवळच्या एका गावात एक काकू आहेत. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा त्यांनी दिवाणी कोर्टात लावला. वकीलपत्रावर सही केली, सोन्याची एक बांगडी मोडून फीचे हप्ते दिले आणि पुढची तीन वर्षं ‘पुढची तारीख पडली आहे’ एवढंच ऐकत राहिल्या. एक दिवस कोर्टातल्या कारकुनाकडून कळलं, की दावा कधीच निकाली निघाला आहे. तारखेला ना वादी हजर, ना वकील, म्हणून न्यायाधीशांनी तो काढून टाकला. काकूंनी कागदपत्रं परत मागितली, तर उत्तर आलं, ‘आधी उरलेली फी भरा.’

काकू काल्पनिक आहेत, पण ही गोष्ट ऐकून कोणाला नवल वाटणार नाही. पुढे काय करायचं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. कोणीतरी सांगतं, ‘बार कौन्सिलकडे तक्रार करा, सनद रद्द होईल.’ काकू तक्रार पाठवतात. पोस्टाची पोच येते. त्यानंतर कागदाचा एक चिटोराही येत नाही.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण म्हणजे २०२५च्या उत्तरार्धातल्या दोन घडामोडी. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवालाच ५०,००० रुपये भरायला लावले, कारण कौन्सिलने एका वकिलाला आधाराविना चौकशीत ओढलं होतं. नोव्हेंबरमध्ये माहिती अधिकार कायद्यातलं खासगी माहितीबद्दलचं उपकलम बदललं. वरवर पाहिलं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी आणि काकूंशी काही संबंध दिसत नाही. पण काकूंची फाईल ज्या टेबलावर पडून आहे, त्याच टेबलाशी दोन्ही येऊन पोचतात.

सनद देणारे तेच, काढून घेणारेही तेच

वकिली करायला ‘सनद’ लागते, म्हणजे वकील म्हणून नोंद झाल्याचा दाखला. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्याखाली राज्याची बार कौन्सिल ती देते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच कौन्सिल आहे. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही तिच्याच हद्दीत येतात. या सर्वांच्या वर दिल्लीत बार कौन्सिल ऑफ इंडिया.

कौन्सिलचे सदस्य वकीलच असतात आणि त्यांना वकीलच निवडून देतात. कायद्याच्या कलम ६ मध्ये कौन्सिलची कामं दिली आहेत. वकिलांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकून निकाल देणं हे त्यातलं एक. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत दुसरं काम आहे, वकिलांचे हक्क आणि हितसंबंध जपणं. एका हाताने पाठीशी उभं राहायचं आणि दुसऱ्या हाताने कान धरायचा, असा हा मामला.

गल्ली क्रिकेट खेळलेल्यांना हे लगेच कळेल. तिथे अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो, कारण दुसरा माणूस नसतोच. तरी खेळ चालतो. केव्हा चालतो? अंपायरने ‘नॉट आऊट’ दिल्यावर कोणी ‘का रे?’ म्हणून ओरडलं आणि त्याला ‘बॉल भिंतीला लागून आला’ असं सांगता आलं, तर चालतो. तो नुसता खांदे उडवायला लागला, की स्टंप उपटले जातात.

वकिलांवर लक्ष ठेवायला सरकार का नको, याला सबळ कारण आहे. उद्या तुमचा वकील सरकारविरुद्ध उभा राहिला आणि त्याची सनद कलेक्टर कचेरीच्या हातात असली, तर तो किती ताठ उभा राहील? म्हणून अंपायर घरचाच ठेवला आहे. माझा त्याला विरोध नाही. पण मग त्या अंपायरने प्रत्येक निर्णयाचं कारण सांगितलंच पाहिजे, ही त्या सवलतीची किंमत आहे.

तक्रारीचा प्रवास

कायद्याचं कलम ३५ सांगतं, की तक्रार आल्यावर, किंवा तक्रार नसतानाही, एखाद्या वकिलाने गैरवर्तन केलं आहे असं ‘मानण्यास कारण’ कौन्सिलला दिसलं, तर तिने ते प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवावं. या समितीत तिघे असतात. दोन कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य, तिसरा कौन्सिलबाहेरचा अनुभवी वकील. समिती वकिलाला नोटीस काढते, राज्याच्या महाधिवक्त्यांनाही कळवते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथेवर जबानी घेणं, हे दिवाणी कोर्टाचे अधिकार तिला आहेत. शेवटी ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते, किंवा वकिलांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकू शकते.

असा निर्णय देणाऱ्या मंडळाला ‘अर्धन्यायिक’ म्हणतात. ते कोर्ट नाही, पण माणसाच्या पोटापाण्याचा फैसला करतं, म्हणून कोर्टाची काही पथ्यं त्याला पाळावीच लागतात. या पथ्यांचं नाव ‘नैसर्गिक न्याय’. दोन्ही बाजू ऐका, स्वतःच्या भांडणात स्वतः न्यायाधीश होऊ नका आणि निर्णयाची कारणं लिहा. पहिली दोन बहुतेकांना माहीत असतात. तिसऱ्याकडे कोणी फारसं बघत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

समितीचा निकाल मान्य नसेल, तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं आणि तिथूनही समाधान झालं नाही, तर पुढच्या ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात. नियमांमध्ये तक्रारदाराच्या सोयीच्या दोन गोष्टी आहेत, ज्या बऱ्याच वकिलांनाही आठवत नाहीत. तक्रार राज्याच्या भाषेत, म्हणजे मराठीतही करता येते. प्रकरण दिल्लीला गेलं, तर इंग्रजी भाषांतर करण्याची जबाबदारी राज्याच्या कौन्सिलची. आणि तक्रारदाराने मध्येच माघार घेतली किंवा वकिलाशी तडजोड केली, तरी तेवढ्याच कारणाने चौकशी बंद करता येत नाही. यामागचा विचार पटण्यासारखा आहे. हे भांडण फक्त काकू आणि त्यांच्या वकिलाचं नाही. उद्या त्याच वकिलाकडे जाणाऱ्या माणसाचंही आहे.

एक वर्षाची मुदत आहे ना?

आहे. कलम ३६-ब म्हणतं, की राज्याच्या शिस्तपालन समितीने एका वर्षात निकाल द्यावा. नाही दिला, तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. हे नुसतं कागदावरचं नाही. मध्य प्रदेशातल्या सहकारी बँकेचा एक गाजलेला खटला आहे. बँकेच्या कायदा सल्लागाराने ९७,१०० रुपयांची फी थकली म्हणून बँकेच्या फायली अडवून ठेवल्या होत्या. राज्याच्या कौन्सिलने वर्षभरात निकाल दिला नाही, तेव्हा प्रकरण याच कलमाखाली दिल्लीला गेलं. तिथे वकिलाला १८ महिने निलंबन आणि १,००० रुपये दंड झाला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा समज देण्यापुरती कमी केली, पण तत्त्व पक्कं केलं: फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. सोनार दागिना अडवील, गॅरेजवाला गाडी अडवील, वकिलाला ती मुभा नाही. फी वसूल करायचे मार्ग त्याला वेगळे आहेत. म्हणजे काकूंचं अर्धं गाऱ्हाणं २००० सालीच निकालात निघालं आहे.

पण या एक वर्षात एक मेख आहे. वर्ष मोजायचं कधीपासून? सामान्य माणूस म्हणेल, तक्रार दिली त्या दिवसापासून. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमधलं स्पष्टीकरण म्हणतं, की ज्या दिवशी राज्याची कौन्सिल प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवते, तीच ‘तक्रार मिळाल्याची तारीख’ धरायची.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला आहे, बाकावर बसून आहात, आणि रुग्ण आल्याची वेळ डॉक्टरच्या खोलीत शिरल्यापासून लिहिली जाते, असं हे आहे. बाकावरचे चार तास कुठल्याच हिशेबात नाहीत. काकूंची तक्रार समितीकडे गेलेलीच नाही, त्यामुळे कलम ३६-बचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. ना वर्ष उलटणार, ना फाईल आपोआप दिल्लीला जाणार.

डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बार कौन्सिलांना बजावलं, की तक्रारी वर्षभराच्या आत निकाली काढा, दिल्लीकडे ढकलणं हा नेहमीचा शिरस्ता होऊ देऊ नका. सांगितलं ते योग्यच. पण ज्या फाईलवर अजून काहीच लिहिलेलं नाही, ती वेळेत निघाली की नाही हे मोजायचं कसं?

कोऱ्या फाईलवर इलाज काय?

इथे माहितीचा अधिकार कायदा, २००५ कामाला येतो. बार कौन्सिल ही काही खासगी संघटना नाही. संसदेच्या कायद्याने जन्माला आलेली संस्था आहे, म्हणून माहिती अधिकाराच्या भाषेत ती ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरते. जिल्हा कोर्टाच्या आवारात खोली असते ती बार असोसिएशन वेगळी. ती वकिलांची संघटना आहे. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि अर्ज भलतीकडे टाकतात.

माहिती अधिकार म्हटलं, की आपल्याला अर्ज करून झेरॉक्स मागणं तेवढं आठवतं. पण कायद्याच्या कलम ४ मध्ये संस्थांनी आपण होऊन करायच्या गोष्टी दिल्या आहेत, त्यात ४(१)(ड) असं छोटंसं उपकलम आहे. त्याचा आशय इतकाच, की प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणं, ज्यांच्यावर त्या निर्णयाचा परिणाम होतो, त्यांना द्या. नैसर्गिक न्यायातलं तिसरं पथ्य इथे सरळ कायद्यात येऊन बसलं आहे. ‘तुमची तक्रार नस्तीबद्ध करण्यात आली आहे’, म्हणजे फाईल बंद केली, एवढं एका ओळीचं पत्र पाठवून मोकळं होता येत नाही. का नस्तीबद्ध केली, हे सांगावं लागतं.

आता एक अडचण. २००८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं, की ‘माहिती’ म्हणजे जे कागदावर आहे ते. ‘तुम्ही असं का केलंत?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्ज स्वीकारून उत्तर देणारा तिथला नेमलेला माणूस, हा काही समुपदेशक नाही. २०११मध्ये परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं, की संस्थेकडे जे आहे तेवढं द्यायचं, नवीन काही तयार करून द्यायचं नाही.

मग कलम ४ म्हणतं कारणं द्या आणि कोर्ट म्हणतं ‘का’ विचारू नका, यात मेळ कसा घालायचा? मला तो सोपा वाटतो. कारण आधीच फाईलवर लिहिलेलं असायला हवं. नागरिकाने विचारल्यावर सुचायला नको. म्हणून ‘का’ विचारायचं नाही, कागद मागायचा. ‘माझ्या तक्रारीवर कारवाई का झाली नाही?’ असं लिहिलंत, की अर्ज परत येण्याची भीती. त्याऐवजी तक्रारीची आवक नोंद मागा, ती ज्या बैठकीपुढे ठेवली गेली त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागा, फाईलवरच्या टिपण्या मागा, समितीकडे पाठवल्याचा किंवा न पाठवल्याचा ठराव मागा.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला दहा रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो. अर्ज एकाच विषयावर हवा आणि १५० शब्दांत बसवायचा आहे. काकूंचा राग १५० शब्दांत मावणार नाही हे खरं, पण राग तक्रारीत लिहावा. अर्ज कोरडाच बरा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही, तर त्याच संस्थेतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. माहिती देण्यात सबळ कारणाविना उशीर केला, तर अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात आयोगाकडेही रांग असते, हे माहिती अधिकार वापरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

‘चौकशी चालू आहे, म्हणून माहिती देता येत नाही’ हे उत्तर हमखास येतं. कलम ८(१)(ह) तशी सूट देतं, पण अर्धवट वाचून नको. २००७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की चौकशी चालू आहे एवढं म्हणून भागत नाही. ही माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येईल, ते दाखवावं लागतं. आणि काकूंच्या बाबतीत चौकशी तरी कुठे चालू आहे?

‘ही वकिलाची खासगी माहिती आहे’ असं म्हणाले तर?

आता नोव्हेंबर २०२५च्या बदलाकडे. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज) मध्ये आधी असं होतं, की खासगी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तर ती नाकारता येईल. व्यापक जनहित असेल, तर द्यावी लागेल. शिवाय एक सुंदर कसोटी होती: जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारायची नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने या सगळ्याला कात्री लावली. ते कलम नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालं आणि आता तिथे फक्त एवढंच उरलं आहे, की वैयक्तिक माहिती असेल तर ती देण्याचं बंधन नाही.

दार आधीही सताड उघडं नव्हतं. २०१२मध्ये अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की कर्मचाऱ्याला मिळालेल्या नोटिसा आणि शिक्षांचे आदेश ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. आता तर नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला विचार करायचीही गरज उरली नाही, असं काहींना वाटेल. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे. जनहित जास्त वजनदार असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. फरक एवढाच, की ते जनहित मांडायचा आणि पटवून द्यायचा भार आता अर्जदाराच्या खांद्यावर जास्त पडतो.

काकूंना याने किती फरक पडतो? स्वतःच्या तक्रारीपुरता फार नाही. तक्रार त्यांची, त्यात लिहिलेलं सगळं त्यांचं, आणि निर्णयाचा परिणाम त्यांच्यावर. एकूण किती तक्रारी आल्या, किती समितीकडे गेल्या, सर्वांत जुनी कोणत्या वर्षाची आहे, हे आकडे तर कोणाचीच खासगी माहिती नाहीत. ते कौन्सिलने आपण होऊन प्रसिद्ध करायला हवेत.

अडतं ते वेगळ्या ठिकाणी. काकू नवीन वकील शोधायला निघाल्या आहेत आणि त्यांना विचारायचं आहे, ‘या वकिलाला आधी कधी शिक्षा झाली आहे का?’ माझं मत सांगतो. नुसती तक्रार झाली असेल, तर ते सांगू नये. तक्रार कोणावरही होते. पण शिक्षा झाली असेल, तर ती लपवण्यासारखी गोष्टच नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ४१ म्हणतं, की समज दिली किंवा सनद निलंबित केली, तर त्याची नोंद वकिलांच्या यादीत त्या नावापुढे करायची. आणि निलंबित वकिलाला त्या काळात देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येत नाही. आता ही बंदी पाळली जाते की नाही, हे लक्षात कोण आणून देणार, जर ती कोणाला माहीतच नसेल? बसच्या ड्रायव्हरचं लायसन्स निलंबित झालं आहे ही त्याची खासगी बाब, असं बसमध्ये बसलेल्यांना कोणी सांगेल का?

मग सरळ ग्राहक आयोगात का जाऊ नये?

कारण ते दार बंद झालं आहे. २००७मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं, की वकिलाची सेवाही ग्राहक कायद्यात येते. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. वकील पक्षकाराच्या सूचनेबाहेर काही करू शकत नाही, त्याच्यावर पक्षकाराचा थेट ताबा असतो, म्हणून ही ‘वैयक्तिक सेवा’ आहे आणि ती ग्राहक कायद्याबाहेर आहे, असा तो युक्तिवाद. आपल्या वकिलावर आपला ताबा आहे हे वाचून तालुक्याच्या कोर्टाबाहेर उभं राहिलेल्या किती पक्षकारांना हसू आलं असेल, ते सोडा. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा आणि फसवणूक असेल तर फौजदारी तक्रार, हे मार्ग खुले आहेत. पण आधीच एक दावा बुडालेल्या माणसाला दुसरा दावा लावा म्हणणं ही थट्टाच. म्हणून २०२४नंतर बार कौन्सिलच्या दारातली ती पहिली पायरी पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची झाली आहे.

वकिलांवर खोट्या तक्रारी होतात, त्याचं काय?

होतात, आणि भरपूर होतात. खटला हरलेला माणूस समोरच्या वकिलावर राग काढतो. सप्टेंबर २०२५चं प्रकरण तसंच होतं. तक्रारदार त्या वकिलाचा पक्षकारही नव्हता. तरी कौन्सिलने प्रकरण समितीकडे पाठवलं, आणि पाठवण्याच्या आदेशात कारणं नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने वकिलाला दिलासा दिला, कौन्सिल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ५०,००० रुपये देऊन परत आली. अशी चौकशी म्हणजे वकिलाच्या नावाला लागलेला डाग. पुढे तो निर्दोष सुटला, तरी बार रूममध्ये कुजबुज उरतेच.

न्यायालयाचं म्हणणं साधं आहे. ‘मानण्यास कारण’ हे शब्द शोभेचे नाहीत. कौन्सिलने तक्रार वाचली, विचार केला आणि काहीतरी तथ्य दिसलं, हे कागदावर दिसलं पाहिजे. १९८०मध्ये गुजरातच्या एका वकिलाच्या प्रकरणातही हेच सांगितलं गेलं होतं. बार कौन्सिल म्हणजे आलेलं टपाल पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नव्हे.

हा निकाल वकिलांच्या बाजूचा म्हणून वाचला गेला. मी तो काकूंच्या बाजूचाही म्हणून वाचतो. समितीकडे पाठवताना कारण लिहावं लागत असेल, तर न पाठवताना का नको? विनाकारण चौकशीत ओढला गेलेला वकील आणि विनाकारण बाकावर बसलेल्या काकू, दोघांचं औषध एकच आहे. फरक इतकाच, की वकिलाला उच्च न्यायालयात कसं जायचं ते माहीत असतं.

कौन्सिलवर सरसकट संशय घेणंही बरोबर नाही. मुंबईत एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांना अक्षरशः ओढून कामं मिळवायचे. १९७०च्या दशकात राज्याच्या कौन्सिलने त्यांना तीन वर्षं निलंबित केलं, बार कौन्सिल ऑफ इंडियाने सोडून दिलं. तेव्हा राज्याची कौन्सिल गप्प बसली नाही, स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला असं अपील करता येतं का, यावरच सात न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि १९७५मध्ये उत्तर आलं, हो, कारण व्यवसायाचा दर्जा जपणं हे तिचं कामच आहे. घरच्या अंपायरने घरच्या बॅट्समनला आऊट दिल्याचं हे उदाहरण आपल्याच कौन्सिलचं आहे.

आणि दावा हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, हेही काकूंना कोणीतरी सांगायला हवं. वकिलाचा अंदाज चुकू शकतो, युक्तिवाद फसू शकतो. नुसत्या चुकीला कोर्टं गैरवर्तन मानत नाहीत, आणि सिद्ध करायचा पुरावाही जवळपास फौजदारी खटल्याइतका भक्कम मागतात. म्हणून तक्रारीत ‘वकिलाने वाट लावली’ लिहून उपयोग नाही. फीच्या पावत्या, मोबाईलवरचे मेसेज, दावा काढून टाकल्याच्या आदेशाची नक्कल, कागद मागितल्याचं रजिस्टर्ड पत्र, हे जोडलं तर तक्रारीला पाय येतात.

दारातूनच परत पाठवलं तर?

कौन्सिलने तक्रार समितीकडे न पाठवताच बंद केली, तर कलम ३७ चं, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत करायचं अपील अडचणीचं ठरतं, कारण ते शिस्तपालन समितीच्या आदेशाविरुद्ध आहे. पण कलम ४८-अ आहे. जिथे अपील नाही, अशा निकाली निघालेल्या प्रकरणाचे कागद बार कौन्सिल ऑफ इंडिया मागवून घेऊ शकते आणि निर्णय कायद्याला धरून होता का, हे तपासू शकते. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येणार, की राज्याच्या कौन्सिलने काय कारण दिलं होतं? म्हणजे फिरून गाडी त्याच कागदावर.

इंग्लंडने हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवला. २००७च्या कायद्याने वकिलांची बाजू मांडणाऱ्या संस्था आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या केल्या, आणि २०१०पासून पक्षकारांच्या गाऱ्हाण्यांसाठी स्वतंत्र लोकपाल बसवला. आपल्याकडे तसं व्हावं का, यावर वाद होऊ शकतो. काकूंना तेवढा वेळ नाही.

त्यांचा अर्ज मी असा लिहीन. माझी तक्रार अमुक तारखेची, पोच जोडली आहे. तिच्या आवक नोंदीची प्रत द्यावी. ती कौन्सिलच्या ज्या बैठकीपुढे ठेवली, त्या बैठकीच्या इतिवृत्तातला संबंधित भाग द्यावा. समितीकडे पाठवण्याबाबत किंवा न पाठवण्याबाबत झालेल्या ठरावाची आणि फाईलवरच्या टिपण्यांची प्रत द्यावी. यांपैकी काही उपलब्ध नसेल, तर ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ असं सहीशिक्क्यानिशी कळवावं.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. कारण नोंद मिळाली तर कारण कळेल, आणि मिळाली नाही, तर ‘नोंद नाही’ असं लिहिलेला तो कागदच काकूंना पुढे दिल्लीला जोडता येईल.